गोव्याचा नकाशा नदीच्या बाजूने वाचताना

गोव्याविषयीची बहुतेक वर्णने किनाऱ्यापासून सुरू होतात आणि बहुधा तिथेच थांबतात. परंतु ३,७०२ चौरस किलोमीटरचे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही लहान असलेले हे राज्य किनाऱ्याच्या कडेने उत्तर-दक्षिण पाहिले, तर त्याचा फार थोडा भाग समजतो. तेच पूर्वेकडून पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्राच्या मुखापर्यंत नदीच्या बाजूने पाहिले, तर इथली शेती, गावांची रचना, देवळांच्या जागा, भाषेचा वाद, खाणींचा पैसा आणि आजची पाण्याची चिंता या वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या दिसतात. या लेखात गोव्याची ओळख त्या मार्गाने करून घ्यायची आहे.

भूरचनेच्या दृष्टीने गोव्याचे साधारण तीन पट्टे पडतात. पूर्वेला सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतून जाणारी सह्याद्रीची रांग आहे. तिथले सोंसोगोर हे राज्यातील सर्वांत उंच शिखर हजार मीटरहून उंच आहे. मधला पट्टा जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यांचा, म्हणजे सड्यांचा, आणि त्यांच्या उतारांवरील वस्तीचा. पश्चिमेला नद्यांच्या खाड्या, भातशेतीची सखल जमीन आणि वाळूचे किनारे आहेत. सह्याद्री आणि समुद्र यांच्यातील अंतर इतके कमी आहे की अरबी समुद्रावरून येणारे मोसमी ढग किनारा ओलांडल्यावर थोड्याच वेळात डोंगराला अडतात. त्यामुळे किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो, तर वाळपई-सांग्याकडे तो चार हजारांच्या आसपास जातो. हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो, आणि उरलेल्या आठ महिन्यांचे जगणे ते पाणी कुठे आणि किती काळ थांबते यावर अवलंबून राहते.

पाणी थांबवण्याचे पहिले काम जांभा दगड करतो. उन्हाळ्यात ओसाड दिसणारा सडा प्रत्यक्षात स्पंजासारखा असतो. पावसाचे पाणी त्याच्या छिद्रांतून आणि भेगांतून खाली मुरते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने महिनोन्‌महिने बाहेर पडत राहते. गोव्यातील जुनी गावे बहुतेक अशा पायथ्यांशीच वसलेली आहेत. फोंडा, सत्तरी आणि सांगे या भागांत झऱ्याचे पाणी पाटाने फिरवून कुळागर केले जाते. सुपारी आणि नारळ ही त्यातली उंच झाडे. त्यांच्या सावलीत केळी, अननस, जायफळ आणि सुपारीच्या खोडावर चढवलेली काळी मिरी अशी एकाच जागेतली अनेक मजल्यांची बागायत म्हणजे कुळागर. गणेशचतुर्थीला गणपतीच्या वर टांगली जाणारी माटोळी ही या बागायतीची आणि तिच्यामागच्या रानाची जणू नोंदवहीच असते, कारण तिच्यात सुपारीच्या शिपट्यापासून रानातल्या अनेक फळांपर्यंत त्या ऋतूत मिळणारे सारे काही बांधलेले असते. सड्यावर काही पिकत नाही म्हणून तो पडीक समजून खणला किंवा काँक्रीटने झाकला, तर खालचे झरे आटतात, आणि झरे आटले की कुळागर टिकत नाही. हा साधा संबंध विकासाच्या आराखड्यांत वारंवार विसरला जातो, असे मला वाटते.

या पाण्यातूनच नद्या वाहतात. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण आणि गालजीबाग या त्यांपैकी प्रमुख होत. मांडवी कर्नाटकातील खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात उगम पावते. तिथे आणि सत्तरीत तिला म्हादई म्हणतात. तीनशे मीटरहून उंच असलेला दूधसागर धबधबा तिच्याच खोऱ्यातला आहे. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना कुंभारजुव्याचा कालवा जोडतो, आणि त्यामुळे तिसवाडी तालुका चहूबाजूंनी पाण्याने वेढला जातो. या नद्यांचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म मात्र नकाशावर दिसत नाही. त्यांचा खालचा भाग जवळजवळ सपाट असल्यामुळे समुद्राची भरती सुमारे चाळीस किलोमीटर आतपर्यंत चढते. मांडवीत ती गांजेपर्यंत आणि जुवारीत सावर्डेपर्यंत जाणवते. पावसाळ्यात वरून येणारा लोंढा खारे पाणी समुद्राकडे रेटतो. पाऊस ओसरला की नदीचा जोर कमी होतो आणि खारेपणा आत सरकू लागतो. म्हणजे एकाच ठिकाणी नदी ऑगस्टमध्ये गोडी आणि एप्रिलमध्ये खारी असू शकते.

अशा नदीकाठच्या सखल चिखलाच्या जमिनीत शेती करणे अवघड आहे, कारण भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा शेतात शिरणार. त्यावर गोव्यातील लोकांनी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी शोधलेले उत्तर म्हणजे खाजन. माझ्या मते गोव्याची खरी स्थापत्यकला चर्च आणि वाड्यांच्या आधी इथे पाहावी. चिखल, पेंढा, बांबू आणि जांभ्याचे दगड यांनी नदीकाठाने बांध घातला जातो. बांधाच्या बाहेरच्या बाजूला वाढलेली खारफुटीची झाडे लाटांचा मारा अंगावर घेतात. बांधाच्या आत शेते असतात आणि शेतांतून वाहणारे पाणी ज्या रुंद चरात किंवा तळ्यात जमते त्याला पोंय म्हणतात. पोंय आणि नदी यांच्यामध्ये बांधात बसवलेला लाकडी दरवाजा म्हणजे मानस.

मानशीची दारे नदीच्या बाजूला उघडतील अशी बसवलेली असतात. भरती आली की नदीच्या पाण्याचा दाब दारांना चौकटीवर दाबतो आणि ती आपोआप मिटतात. ओहोटी लागून नदीची पातळी खाली गेली की आतल्या पाण्याचा दाब त्यांना बाहेर ढकलतो आणि शेतातले जादा पाणी नदीत निघून जाते. पावसाळ्याच्या सुरुवातीला मुसळधार पाऊस जमिनीतला खार धुऊन काढतो, आणि मग तिथे कोरगूट हे खारटपणा सोसणारे पारंपरिक भात घेतले जाते. कापणी झाल्यावर काही ठिकाणी मर्यादित खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाते. त्याबरोबर कोळंबी आणि मासे येतात, आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ते पकडले जातात. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. नदीच्या मुखाजवळच्या खाजनात कोरड्या महिन्यांत मिठागरे चालतात. पेडण्यातील आगरवाडा, बार्देशातील हडफडे आणि तिसवाडीतील रायबंदर ही त्यासाठी ओळखली जाणारी ठिकाणे. एकाच जमिनीतून ऋतूप्रमाणे भात, मासळी आणि मीठ मिळवणारी ही पद्धत सुमारे १८ हजार हेक्टरांवर, म्हणजे राज्याच्या जवळपास पाच टक्के भूभागावर पसरलेली होती.

बांध हा एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला विषय नाही. एका ठिकाणी भगदाड पडले की सगळ्या गावाचे पीक जाते, आणि म्हणून बांधाने गोव्यात एक सामाजिक संस्था जन्माला घातली. गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांच्या पुरुष वंशजांना गावकार म्हणत आणि त्यांची गावकरी ही संस्था गावाच्या जमिनीची सामूहिक मालक असे. शेते लिलावाने कसायला दिली जात. त्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी, देवळाचा खर्च आणि गावच्या सेवेकऱ्यांचे मेहनताने भागवले जात आणि उरलेले गावकारांत वाटले जाई. तिसवाडी जिंकल्यावर पोर्तुगीजांनी ही व्यवस्था मोडली नाही. १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने तिचे नियम लेखी स्वरूपात नोंदवले आणि पुढे ती कोमुनिदाद या नावाने चालू राहिली. तिचे गौरवीकरण करताना हेही सांगितले पाहिजे की ती समतेची नव्हती: स्त्रियांना तिच्यात स्थान नव्हते आणि चिखलात प्रत्यक्ष राबणारे कुणबी-गावडे बहुधा कुळे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, किंवा मजूर होते. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा २००३ साली मिळाला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर हा अन्याय दूर करण्यासाठी कायदे झाले. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिले आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळालाच जमिनीचा मालक मानले. जमीन कसणाऱ्याला मिळाली हे न्याय्यच झाले; परंतु बांधाची जबाबदारी जिच्याकडे होती त्या संस्थेचे उत्पन्न गेले आणि ती जबाबदारी नव्याने स्थापलेल्या कूळ संघांकडे आली. कुळांची पुढची पिढी नोकऱ्यांकडे वळली, तसे हे संघ अनेक ठिकाणी कमकुवत झाले. मानशीच्या लिलावातून मिळणारा मासळीचा पैसा भातापेक्षा मोठा ठरू लागल्यावर काही ठिकाणी खारे पाणी जास्त दिवस आत ठेवले गेले, तर काही ठिकाणी बांध फुटले ते पुन्हा बांधलेच गेले नाहीत. अशा बुडालेल्या शेतांत थोड्याच वर्षांत खारफुटी वाढते, आणि खारफुटी तोडण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे ती जमीन शेतीसाठी परत मिळवणे आणखी कठीण होते.

भाताचे हे महत्त्व सणांतही दिसते. ऑगस्टमध्ये ख्रिस्ती गावांत नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेली जातात, आणि चतुर्थीच्या दिवसांत हिंदू घरांत व देवळांत नव्याची पूजा होते. माशेलचा चिखलकालो हा आषाढातला खेळ तर देवळासमोरच्या चिखलातच रंगतो. धर्म वेगळे असले तरी पंचांग एकाच पिकाचे आहे.

नदीने गोव्याचा सांस्कृतिक नकाशाही आखला आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्ये बार्देश व सासष्टी त्यांच्या ताब्यात आली. या भागाला जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख, म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे प्रदेश मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी त्यांच्या हाती गेले, आणि त्या नव्या काबिजादी होत. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतली देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी आपले देव नदी ओलांडून पलीकडे नेले, कारण मांडवी आणि जुवारी याच त्या वेळी पोर्तुगीज सत्तेच्या सीमा होत्या. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला आणि चोडणचा देवकीकृष्ण माशेलला. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर मांडवीपलीकडे नार्व्याला गेला आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी केला. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू महाराजांच्या काळात, त्यांच्या दरबारातील नारोराम मंत्री यांच्या प्रयत्नाने १७३८ च्या सुमारास उभे राहिले. फोंडा तालुक्याच्या लहानशा परिसरात इतकी मोठी देवस्थाने एकवटली, ती अशी. महाराष्ट्रातून कुलदैवताच्या दर्शनाला जाणारी असंख्य कुटुंबे आजही या स्थलांतराच्या खुणांवरूनच प्रवास करतात.

दोन काबिजादींतला हा फरक पुढे राजकारणातही उतरला. ज्या भागांत पोर्तुगीज उशिरा आले, तिथे देवळांतील कीर्तने, जत्रांतील नाटके, शाळा आणि पत्रव्यवहार मराठीत चालत राहिले. घरात बोली कोकणी असली तरी लिहिण्या-वाचण्याची भाषा मराठी होती. जुन्या काबिजादीत, विशेषतः ख्रिस्ती समाजात, रोमन लिपीतील कोकणी, तियात्र हे नाटक आणि मांडो हे गाणे ही परंपरा वाढली. १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे सरकार आले आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित ठेवावा हा प्रश्न ऐरणीवर आला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. चौतीस हजारांचे हे अंतर दोन्ही बाजूंनी सन्मानाने पाहण्यासारखे आहे, कारण ते एका प्रदेशाने आपले वेगळेपण किती विचारपूर्वक निवडले हे दाखवते, आणि मराठीशी असलेले नाते किती खोल होते हेही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीचा शासकीय कामकाजात वापर करण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य बनले. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख होती आणि तीत सुमारे ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्के मुस्लिम होते.

अर्थव्यवस्थेकडे वळताना खाणींचा विचार आधी करावा लागतो. डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या भागांतले लोहखनिज कमी प्रतीचे आहे. ते परदेशी बाजारात परवडले याचे मोठे कारण पुन्हा नदीच होते. खाणीतून ट्रकने धक्क्यापर्यंत, तिथून बार्जमध्ये भरून मांडवी किंवा जुवारीतून मुरगाव बंदरात, आणि तिथून जहाजाने आधी जपानला आणि नंतर मुख्यतः चीनला, अशी ही स्वस्त वाहतूक होती. पावसाळ्यात मांडवीचे मुख वाळूच्या दांड्यामुळे बंद झाले की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत जात. चीनच्या मागणीच्या काळात, २०१० च्या सुमारास, निर्यात वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास पोहोचली. एक टन खनिजासाठी साधारण अडीच-तीन टन माती बाजूला काढावी लागते. तिचे ढीग पावसात धुपून शेतांत आणि ओहोळांत उतरले, आणि खोल खड्ड्यांतून उपसलेल्या पाण्यामुळे आसपासच्या विहिरी आटल्या. बेकायदा खाणकामावरील शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली आणि पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी उभारण्याचा आदेशही दिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ परवान्यांचे नूतनीकरण रद्द झाल्याने काम पुन्हा बंद पडले, आणि २०२२ च्या अखेरीपासून लिलावाची नवी पद्धत सुरू झाली. ट्रक आणि बार्ज यांच्यासाठी कर्ज काढलेल्या कुटुंबांचे हाल आणि शेती गमावलेल्या कुटुंबांचे हाल, दोन्ही खरे आहेत.

पर्यटन हा आज सर्वांत ठळक व्यवसाय आहे. अलीकडे वर्षाला एक कोटीच्या आसपास पर्यटक येतात, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या कित्येक पट. त्यांतले सर्वाधिक कोरड्या महिन्यांत, नेमके झरे आणि नद्या क्षीण होत असताना येतात. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेला मोपाचा विमानतळ पेडण्यातील एका जांभ्याच्या सड्यावरच उभा आहे. त्याखेरीज वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतींतील औषधनिर्मिती, जहाजांवर, आखातात आणि युरोपात काम करणाऱ्यांनी घरी पाठवलेला पैसा, आणि काजू यांचाही वाटा आहे. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. आज तो राज्यात सर्वाधिक क्षेत्रावर असलेले पीक आहे, आणि त्याच्या बोंडांच्या रसापासून भाटीत उतरवल्या जाणाऱ्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दरडोई उत्पन्नात गोवा देशातील आघाडीच्या राज्यांत आहे. परंतु या उत्पन्नात शेतीचा वाटा फार लहान उरल्यामुळे भातजमीन सांभाळण्याचा आर्थिक आग्रहही क्षीण झाला आहे.

या सर्वांचा ताण शेवटी म्हादईच्या, म्हणजे वरच्या मांडवीच्या, पाण्याच्या वादात एकत्र येतो. उत्तर कर्नाटकातील मलप्रभा खोऱ्यात म्हादईचे पाणी वळवण्यासाठी कर्नाटकाने कळसा-भंडुरा प्रकल्प आखला. वाद सोडवण्यासाठी २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) असे वाटप केले. निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. हुबळी-धारवाडच्या लोकांची पिण्याच्या पाण्याची गरज खरी आहे, आणि शेजारी राज्यांत पाण्याचे सहकार्य अशक्य नाही हे दोडामार्गच्या तिळारी धरणाने दाखवलेही आहे: महाराष्ट्रात असलेल्या या प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा वाटा गोव्याने उचलला आणि त्याचे पाणी पेडणे, बार्देश आणि डिचोलीला मिळते. मात्र गोव्याची भीती नुसत्या आकड्यांतून कळत नाही. पावसाळ्यात मांडवीतून वाहून जाणारे पाणी मोजले तर ते भरपूर दिसते. प्रश्न जानेवारी ते मे या काळातला आहे. त्या महिन्यांत वरून येणारी धार जितकी बारीक होईल, तितकी खालून चढणारी खाऱ्या पाण्याची हद्द आत सरकेल, आणि त्या हद्दीच्या आसपासच गांज्यासारखी पाणी उचलण्याची ठिकाणे, डिचोली-सत्तरीची बागायत आणि म्हादई अभयारण्यातून येणाऱ्या ओहोळांवर जगणारी गावे आहेत. वर्षाच्या एकूण टीएमसीऐवजी कोरड्या महिन्यांतला प्रवाह आणि गांज्यापाशी मोजलेला खारेपणा हे दोन आकडे समोर ठेवले, तर हा वाद तिन्ही राज्यांच्या सामान्य माणसाला आजच्यापेक्षा कितीतरी सहज समजेल.